ओहोटीतली वाट

माझी वहिनी शाळेत भूगोल शिकवते आणि मी ज्या कचेरीत काम करते तिथून शाळांच्या सहलींना परवानगी मिळते. मिळते म्हणजे कागदावर. मी नोकरीला लागले त्याच्या आदल्या वर्षी कुठल्याशा लांबच्या गावी सहलीची होडी उलटली होती. मुलं वाचली, पण आमच्या साहेबांनी तेव्हापासून सहल या शब्दाचाच धसका घेतला. अर्ज आला की ते चष्मा पुसायचे, अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत मन लावून वाचायचे आणि कोपऱ्यात बारीक, सुबक अक्षरात लिहायचे, ‘तूर्तास नको.’ कचेरीत त्यांचं नाव तूर्तास साहेब पडलं होतं. ते त्यांच्या कानावर नव्हतं असं नाही.

शाळांनी हळूहळू नाद सोडला. वर्षातून एकदा मुलांना गावातल्या संग्रहालयात न्यायचं, पेंढा भरलेलं तेच अस्वल दाखवायचं आणि दुपारच्या आत परत आणायचं. त्या अस्वलाचे कुठले दात पडलेत हे आमच्या गल्लीतल्या पोरांना पाठ होतं.

वहिनी सातवीला भरती-ओहोटी शिकवत होती. टबात पाणी घेऊन, टब हलवून. एका मुलीनं विचारलं, “बाई, समुद्राचा टब कोण हलवतं?” वर्ग हसला. वहिनीही हसली, पण घरी आली ती गप्प गप्पच. चहा घेताना म्हणाली, “छोटे, समुद्र इथून बसनं दोन तासांवर आहे. आणि माझ्या निम्म्या वर्गानं तो पाहिलेला नाही.”

छोटी म्हणजे मी. कचेरीत लोक मला अहो-जाहो करतात, घरी मी छोटीच.

“मग चित्र काढून दाखव,” आई आतून म्हणाली.

“चित्र हलत नाही ना, आई,” वहिनी म्हणाली.

तिच्या मनात एक जागा होती. किनाऱ्यापासून आत, खडकावर एक जुनं दीपगृह आहे. भरतीला ते चहूबाजूंनी पाण्यात असतं. मोठी ओहोटी लागली की मधली वाळू आणि सपाट कातळ उघडा पडतो आणि माणूस चालत पलीकडे जाऊ शकतो. पाणी परत फिरायच्या आत परत यायचं, एवढीच अट. भरती-ओहोटी शिकायला याहून चांगली जागा नाही, आणि परवानगी मागायला याहून वाईट जागा नाही, हे मला अर्ज बघताक्षणीच कळलं. साहेबांनी चष्मा पुसला, अर्ज वाचला, कोपऱ्यात लिहिलं.

मी तो कागद घरी नेऊन वहिनीच्या हातात दिला. तिनं त्याची मागची बाजूही पाहिली.

“का नको, ते लिहिलेलं नाही,” ती म्हणाली.

“ते कधीच लिहीत नाहीत.”

“मग विचारायला हवं.”

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती कचेरीत आली. साहेबांना ती माझी वहिनी आहे हे माहीत होतं. ते आधीच म्हणाले, “बाई, घरचं माणूस इथे आहे म्हणून सवलत मिळेल असं समजू नका.”

“सवलत नको साहेब, कारण हवंय. कारण कळलं तर मला ते दुरुस्त करता येईल.”

साहेबांनी चष्मा काढला. त्यांच्याकडे भांडायला येणारे होते, गयावया करणारे होते, वरून कुणाचा तरी फोन आणवणारे तर बरेच होते. कारण विचारायला कुणी आलं नव्हतं. ते आधी अडखळत आणि मग सपाट्यानं बोलायला लागले. रस्त्यात तो अरुंद पूल आहे. बस नादुरुस्त झाली तर? दवाखाना कुठे? दीपगृहाचा जिना केवढा, मुलं एकाच वेळी चढली आणि वरच्याचा पाय घसरला तर? कुणाला उलटी होते, कुणाला चक्कर येते, एखादं खेकड्यामागे धावत सुटतं. आणि पाणी ठरल्याआधी फिरलं तर?

वहिनी मुलं गोष्ट ऐकतात तशी ऐकत होती. मध्ये एकदाही ‘पण’ म्हणाली नाही. साहेब थांबले तेव्हा म्हणाली, “यातलं निम्मं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बरं झालं तुम्ही नको म्हणालात. मी पुन्हा येते.”

ती गेल्यावर साहेबांनी मला बोलावलं. “तुमच्या वहिनी रागावल्या का?”

“नाही साहेब.”

“मग असं का म्हणाल्या?”

“त्या तशाच आहेत,” मी म्हटलं. याहून चांगलं उत्तर माझ्याकडे आजही नाही.

त्यानंतर आमचे रविवार समुद्रावर जायला लागले. वहिनी, माझा दादा आणि मी. दादाचं शिवणकामाचं दुकान आहे आणि स्कूटरवरून पडल्यापासून त्याचा डावा गुडघा कुरकुरतो. पहिल्याच रविवारी वहिनीनं त्याला वाळूतून दीपगृहाकडे चालायला लावलं आणि स्वतः घड्याळ धरून मागे राहिली.

“जरा भरभर चाल की, दादा,” मी ओरडले.

“मुळीच नको,” वहिनी म्हणाली. “आहेस तसाच चाल. मला तुझाच वेग हवाय.”

“लग्नाला एवढी वर्षं झाली,” दादा कण्हत म्हणाला, “माझा वेग कुणाला तरी हवाय हे आज कळलं.”

त्याचा वेग का हवा होता ते परतीच्या बसमध्ये तिनं सांगितलं. तिच्या वर्गात एक मुलगी होती. लहानपणीच्या आजारानं तिचा एक पाय बारीक राहिला होता, ती कुबडी घेऊन चालायची. हुशार, कमी बोलणारी. तिचे वडील स्वतःहून वहिनीला भेटून गेले होते. म्हणाले होते, हिला घरीच राहू द्या, हिच्यामुळे बाकीची अडकून पडतील.

“मग तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, ती सगळ्यांच्या पुढे चालेल. तिच्या पुढे कुणी जायचं नाही. मग अडकून पडायचा प्रश्नच कुठे येतो?”

वर्गात ही व्यवस्था जाहीर झाली त्या दिवशी पोरांनी तिला कप्तान म्हणायला सुरुवात केली. कप्तानची कुबडी वाळूत रुतेल हे दादाच्या लक्षात आलं. त्यानं जाड चामड्याची बशीएवढी चकती कापली आणि ती कुबडीच्या टोकाला बसेल अशी टाचली. पुढच्या रविवारी ती जोडलेली काठी घेऊन तो स्वतः वाळूत लंगडत हिंडला. पहिली चकती निसटली, दुसरी टिकली.

वहिनीनं त्या रविवारांत काय काय केलं ते मी जवळून पाहिलं आहे. अरुंद पुलावर उभी राहून तिनं मोठ्या गाड्या कशा वळतात ते बघितलं. किनाऱ्यावरच्या गावातल्या डॉक्टरांना भेटून त्या दिवशी ते गावात असतील ना, हे विचारून आली. दीपगृहाच्या राखणदाराशी बोलून जिन्यावर एका वेळी मूठभर मुलंच सोडायचं ठरवलं, आणि परत फिरायची वेळ झाली की त्यानं एकदा भोंगा वाजवायचा आणि वाट बुडाली की पुन्हा, हेही. पाण्याच्या वेळा तर तिला शेजाऱ्याच्या कामाला जायच्या वेळा असाव्यात तशा माहीत झाल्या. अमावास्येच्या आसपास पाणी सगळ्यात दूर जातं, म्हणून तिनं दिवसही तसाच निवडला.

ती पुन्हा कचेरीत आली तेव्हा साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “ऐकायला ठीक आहे. पण मी डोळ्यांनी बघितल्याशिवाय—”

“चला की,” वहिनी म्हणाली.

मला वाटलं ते तूर्तास म्हणतील. ते आले. रविवारी सकाळी, चकचकीत बूट, टाय, हातात छत्री. वाळूच्या काठावर ते बराच वेळ उभे राहिले. मग बूट काढले, मोजे घडी करून बुटांत ठेवले आणि आमच्यामागून चालायला लागले. पलीकडे जाऊन आल्यावर किनाऱ्यावरच्या खडकावर बसून आम्ही डब्यातली पोळी-भाजी खाल्ली. साहेब पाण्याकडे बघत अचानक म्हणाले, “मी आधी शिक्षक होतो, माहीत आहे?”

आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं.

“एकदा सहलीहून परत निघताना मुलं मोजली तर एक कमी. पुन्हा मोजली, एक कमीच. आम्ही होतो नदीकाठी. पाव तास मी त्या मुलाचं नाव घेत धावत होतो. शेवटी तो बसमध्येच सापडला. मागच्या सीटखाली झोपला होता, अंगावर कुणाचातरी कोट पडलेला. कुणाला काही झालं नाही. कुणी मला बोललंही नाही.” ते थांबले. “पुढच्या महिन्यात मी कचेरीत बदली मागून घेतली.”

वहिनीनं त्यांचं सांत्वन केलं नाही. तिनं विचारलं, “त्या पाव तासात तुम्ही त्याला कुठे कुठे शोधलंत? क्रमानं सांगा. माझ्यावर वेळ आली तर मलाही शोधावं लागेल.”

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी सांगितलं. घाट, झाडी, पाणवठा, दुकान. वहिनीनं विचारलं, आधी बस का नाही? ते म्हणाले, कारण भीती माणसाला आधी पाण्याकडेच नेते. ती मान हलवून म्हणाली, “म्हणजे मोजायच्या आधी सीटखाली बघायचं. हे पक्कं.” एवढ्या वर्षांत त्या पाव तासाचा कुणाला उपयोग होईल असं साहेबांना वाटलं नसावं. परतीच्या वाटेवर ते छत्री विसरले आणि मला ती आणायला मागे पळावं लागलं.

परवानगी मिळाली. वर ते म्हणाले, “मीही येतो. निरीक्षक म्हणून.”

सहलीच्या दिवशी मुलांच्या खांद्यावर दादानं शिवलेले पिवळे पट्टे होते, लांबूनही उठून दिसतील असे. साहेबांनाही एक मिळाला. त्यांनी तो टायवरून घातला. बसमध्ये मुलं गात होती आणि त्या सगळ्यांच्या वर एका मुलीचा आवाज होता. तिला वर्गात रेडिओ म्हणत. टब कोण हलवतं हे विचारणारी तीच. गाणं संपलं की ती बोलायची आणि बोलणं संपलं की गायची.

अरुंद पुलाच्या अलीकडे बस थांबली. पुढे लाकडांचा ट्रक उलटला होता. कुणाला लागलं नव्हतं, पण ओंडके रस्ताभर पसरले होते. वहिनीनं फाट्यावरची दुसरी वाट आधी पाहून ठेवली होती, पण पुढच्यामागच्या गाड्यांत आमची बस अशी अडकली होती की तिथवर मागे जाणंच शक्य नव्हतं. दादा आणि ड्रायव्हर ओंडके हलवायला उतरले. साहेब सारखे घड्याळ बघत होते. वहिनीनंही दोन-चारदा पाहिलं. मग तिनं पाहणं सोडून दिलं आणि ती मुलांबरोबर गायला लागली. तेव्हाच तिला कळलं असणार.

आम्ही पोचलो तेव्हा समुद्र दूर, पार दूर गेलेला होता. ओल्या वाळूची वाट ऊन पडून चकाकत होती. मुलं बसमधून उतरली आणि रेडिओसकट सगळी गप्प झाली. एवढं मोठं काही त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मग कुणी न सांगता त्यांनी रांग केली. सगळ्यात पुढे कप्तान, कुबडीला चकती लावून तयार. पलीकडून राखणदार हात हलवत होता.

वहिनी पाण्याकडे तोंड करून उभी होती. ती वळली आणि म्हणाली, “मुलांनो, आज पलीकडे जायचं नाही.”

आधी कुणाला खरंच वाटेना. मग गलका झाला. दादा पुढे आला. “अगं, पाणी आहे कुठे? ते बघ, क्षितिजाला टेकलंय.”

“जाताना नाही रे. येताना असेल.”

ड्रायव्हर म्हणाला, “बाई, एवढ्या लांब येऊन?” आणि मग साहेब आले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, बूट हातात, चेहरा एखाद्या विद्यार्थ्यासारखा उजळलेला. “बाई, मला वाटतं, भरभर गेलो तर जमेल.”

मी माझ्या साहेबांच्या तोंडून ‘जमेल’ हा शब्द पहिल्यांदा ऐकला.

“आपला वेग कप्तानचा आहे, साहेब. त्यात भरभर बसत नाही.”

“तिला कुणीतरी उचलून घेतलं तर...”

कप्तान ऐकत होती. तिनं नजर वाळूवर नेली. वहिनी आवाज न चढवता म्हणाली, “तिला उचलूनच न्यायचं असतं, तर मी इतके रविवार कशाला घालवले असते?” मग जरा थांबून, अगदी सौम्यपणे, “तूर्तास नको, साहेब.”

मला वाटलं, आता माझी नोकरी गेली. साहेब तिच्याकडे बघत राहिले. मग ते हसले. कचेरीत इतकी वर्षं मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. ते खाली वाकले आणि पँटची दुमड सोडवायला लागले.

रेडिओनं मात्र भोकाड पसरलं. “मग आम्हाला आणलं कशाला?” तिच्या मागे आणखी दोघी रडायला लागल्या. कप्तान रडली नाही. ती हळूच म्हणाली, “माझ्यामुळे ना, बाई?”

वहिनी तिच्यासमोर वाळूत उकिडवी बसली. “ट्रकमुळे. आणि चंद्रामुळे. तुझं नाव यात कुठेच नाही.”

“पण मी भरभर चालले असते तर?”

“तर दादासाहेबांना न्यायला परत यावं लागलं असतं. तुझा आणि त्यांचा वेग एकच आहे, मी घड्याळ लावून बघितलंय.”

कप्ताननं दादाकडे पाहिलं. दादानं गुडघा चोळत मान डोलावली. तिच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

मग वहिनीनं मुलांना कामाला लावलं. किनाऱ्यावर वाहून आलेल्या काटक्या गोळा करायच्या. ती दाखवेल तिथवरच जायचं आणि वाटेवर आपापली काटकी रोवून लगेच परत फिरायचं. तिनं बोट दाखवलेली हद्द सुरक्षित होती, तरीही दादा एका टोकाला आणि ड्रायव्हर दुसऱ्या टोकाला उभा केला. काटक्या रोवून झाल्या. वाळूत शिरलेलं एक कुंपणच जणू दिसायला लागलं. मग सगळे उंचवट्यावरच्या गवतात बसून डबे खायला लागले. मुलं रुसलेली होती, पण भूक रुसत नाही.

“आता काय करायचं?” एकानं विचारलं.

“बघायचं,” वहिनी म्हणाली.

बराच वेळ काहीच झालं नाही. रेडिओ हुंदके देत देत लाडू खात होती. आम्ही सगळे दूर क्षितिजाकडे बघत होतो. तिकडूनच लाटा येणार, शेवटच्या काटकीपासून सुरुवात होणार, असं मलाही वाटत होतं. तेवढ्यात कप्तान म्हणाली, “बाई, मधली पडली.”

आम्ही पाहिलं. शेवटच्या काटक्या जागच्या जागी होत्या. मधली एक आडवी झाली होती. मग तिच्या शेजारची. पाणी समोरून आलंच नव्हतं. ते दोन्ही बाजूंच्या खळग्यांतून, आवाज न करता, वाटेच्या पोटात शिरलं होतं. समोर अजून कोरडी वाळू, मागे कोरडी वाळू, आणि मध्ये एक तपकिरी पट्टा, आधी दोरीएवढा, मग रस्त्याएवढा, मग त्यात भोवरे दिसायला लागले. पलीकडच्या काटक्या एका बेटावर उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं तेही बेट बारीक होत गेलं.

मुलं उठून उभी राहिली होती. मग एका मुलानं विचारलं, “बाई, गेलो असतो तर आत्ता आपण कुठे असतो?”

वहिनीनं बोट दाखवलं. पलीकडच्या काटक्यांच्याही पुढे, दीपगृहाच्या निम्म्या वाटेवर. “साधारण तिथे. घरी परत निघालेले.”

दादा खाली बसला. साहेब हातात बूट धरून उभे होते ते तसेच उभे राहिले. त्याच वेळी पलीकडून भोंगा वाजला. हा दुसरा, वाट बुडाल्याचा; परत फिरायचा पहिला भोंगा आम्ही ट्रकमागे अडकलो होतो तेव्हाच वाजून गेला होता. राखणदारानं शब्द पाळला होता. आता परत फिरायला वाटच उरली नव्हती.

मग जे प्रश्न सुरू झाले ते बसमध्ये बसेपर्यंत थांबले नाहीत. पाणी बाजूनं का येतं? वाळू मध्येच खोल का? रोज एकाच वेळी का येत नाही? रेडिओनं नाक पुसून विचारलं, “चंद्र ओढतो म्हणता, पण चंद्र तर दिसतच नाही.”

“आज तो सूर्याच्या बाजूला आहे, उजेडात लपलाय. दिसला नाही म्हणून त्याचं ओढणं थांबत नाही.”

निघताना साहेब स्वतः बसमध्ये गुडघ्यांवर बसले आणि एकेका सीटखाली वाकून बघत शेवटपर्यंत गेले. कपडे झटकत उठले आणि वहिनीला म्हणाले, “आता मोजा.” सगळी होती.

संध्याकाळी वहिनी मोरीत पिवळे पट्टे धूत होती. वाळू निघता निघत नव्हती. मी शेजारी पिळायला उभी होते. ती मान वर न करता म्हणाली, “मलाही जायचं होतं गं. त्यांच्याहून जास्त.” तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. दिवसभर ते तिनं कुणाला दिसू दिलं नव्हतं. आई चहा घेऊन आली, मोरीतल्या वाळूकडे बघून म्हणाली, “समुद्र तेवढा ठेवून आलीस वाटतं तिकडे,” आणि कप तिच्या हातात देऊन ते पट्टे स्वतः धुवायला बसली.

तक्रार यायची ती आलीच. रेडिओचे वडील कचेरीत आले. मुलांना एवढ्या लांब नेऊन वाळूत बसवून परत आणलं, ही काय सहल झाली? साहेबांनी त्यांना बसायला सांगितलं, चष्मा पुसला. “मुलगी घरी काय म्हणाली?”

“रडली. आणि तेव्हापासून तोंड मिटलेलं नाही. पाणी बाजूनं येतं म्हणते. मागून येतं म्हणते. तिच्या आजीला ताटात रेघोट्या ओढून दाखवते.”

“तुम्हाला ठाऊक होतं, पाणी मागून येतं?”

“नाही.”

“मलाही नव्हतं,” साहेब म्हणाले. सगळी कचेरी ऐकत होती आणि त्यांनी आवाज कमी केला नाही. “मी तर पँट दुमडून निघालो होतो. मुलांनाही घेऊन गेलो असतो. बाईंनी अडवलं.”

ते गृहस्थ उठले, दारापर्यंत गेले आणि वळले. मग त्यांनी विचारलं, पुढची सहल कधी आहे.

पुढची सहल पुढच्याच महिन्यात निघाली. वहिनीनं अर्ज आणला तेव्हा साहेबांनी तो उभ्या उभ्याच वाचला आणि सही केली. तोवर त्यांच्या टेबलावर दुसऱ्याही शाळांचे अर्ज यायला लागले होते. ते अजूनही कित्येकांना नको म्हणतात. मात्र आता नको का, ते खाली लिहितात, चांगलं पानभर, आणि रविवारी स्वतः जागा बघायला जातात. मला बरोबर नेतात, त्यामुळे माझे रविवार काही सुटले नाहीत.

या वेळी आम्ही पहाटेच निघालो आणि पोचलो तेव्हा पाणी अजून उतरत होतं. वाट उघडी पडायची वाट बघत बसावं लागलं, आणि गंमत म्हणजे कुणी कुरकुरलं नाही. मग कप्तान निघाली. तिच्या मागे सगळा वर्ग, तिच्या पावलानं. घाई कुणालाच नव्हती, म्हणून मुलांना शिंपले दिसले, खेकड्यांची बिळं दिसली, मागच्या वेळी पाणी शिरलं तो खळगा दिसला. तो त्यांनी स्वतः ओळखला. कप्तान जिनाही चढली, एका हातानं कठडा धरून, आणि वरून ओरडून तिनं शाळा कुठल्या दिशेला आहे ते सांगितलं. बहुतेक चूक सांगितलं. साहेब तिच्या मागच्याच तुकडीत होते.

मी शेवटच्या तुकडीबरोबर खाली उतरले तेव्हा वहिनी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसलेली होती. शेजारी रेडिओ, भिंतीला चिकटून, पांढरी पडलेली. जिन्यात पाऊल ठेवल्यावर ती घाबरून मागे फिरली होती आणि हे कुणालाही सांगायचं नाही अशी तिनं वहिनीला शपथ घातली होती.

“तू वर गेलीसच नाहीस?” मी वहिनीला विचारलं.

“आम्ही गप्पा मारतोय,” ती म्हणाली.

भोंग्याला अजून अवकाश होता. वहिनी मुलीला म्हणाली, “वरपर्यंत नको. त्या पहिल्या खिडकीपर्यंत जाऊ या. तिथून नकोसं वाटलं तर परत.” रेडिओनं तिचा हात घट्ट धरला. दोघी उठल्या. मी खाली उभी राहून त्यांची पावलं ऐकत होते. एक पायरी, मग थांबणं, मग दुसरी. खिडकीपाशी पावलं थांबली. बराच वेळ काही ऐकू आलं नाही, आणि मग रेडिओ बोलायला लागली.